त्रेपन्नावा चार जुलै

साल २०१३. त्या वर्षी मे महिना अर्धा सरला तरी टॅमरॅक तळ्यावरचा बर्फ हलायचं नाव घेत नव्हता. मिनेसोटात उशिरा येणाऱ्या उन्हाळ्याची आम्हाला सवय आहे, पण त्या साली धक्क्याच्या फळ्या पाण्यात बसवेपर्यंत जून उजाडला. मला हे इतकं पक्कं आठवतं, कारण दरवर्षी फळ्यांची दुसरी बाजू धरायला माझी नणंद लोर्ना असायची. त्या वर्षी ती काठावर खुर्ची टाकून, मांडीवर काठी आडवी ठेवून नुसत्या सूचना देत होती. जानेवारीत तिचा उजवा गुडघा बदलला होता.

"मर्व्ह, डावीकडे तिरकं जातंय."

"तुझी खुर्ची तिरकी आहे," माझा नवरा मर्व्हिन पाण्यातून म्हणाला.

आमची दोन घरं शेजारीशेजारी. माझ्या सासऱ्यांनी जमीन मुलगा आणि मुलगी यांच्यात निम्मी निम्मी केली, धक्का मात्र एकच ठेवला. मी १९६९ साली लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून उन्हाळ्यातली माझी सकाळची कॉफी त्या धक्क्याच्या टोकाला, लोर्नाच्या शेजारी. तिचा नवरा गेला त्या वर्षीसुद्धा एकही सकाळ चुकली नाही. आम्ही फारसं बोलायचो असंही नाही. ती तळ्याकडे बघायची, मी तिच्या कपात साखर ढवळून द्यायचे, कारण ती ढवळायला विसरायची.

लोर्नाची ओळख आमच्या तळ्यावर एकाच गोष्टीने होती. १९६१ साली, सोळाव्या वर्षी, चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी दहा वाजता तिने वडिलांच्या बोटीमागे स्कीवर उभं राहून, एका हातात झेंडा धरून तळ्याला पूर्ण फेरी मारली. तेव्हापासून दरवर्षी मारली. लोक धक्क्यांवर येऊन उभे राहायचे, ती गेली की मगच शेगड्या पेटवायचे. १९७२ साली तिची मुलगी कर्स्टन पोटात होती, पाचवा महिना होता, तेव्हाही तिने फेरी सोडली नाही आणि तिच्या सासूने त्यावरून दोन वर्षं अबोला धरला. बावन्न वर्षांत एकही चार जुलै चुकला नव्हता. वडिलांनंतर सुकाणूवर कायम मर्व्हिन.

एप्रिलच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "स्की बंद. या वर्षापुरती नाही, कायमची."

परतताना गाडी मी चालवत होते. वीस मैलांनंतर ती म्हणाली, "आर्डिस, मी ठरवलंय. ज्या वर्षी चार जुलैला मी बोटीमागे उभी राहणार नाही, त्या वर्षी घर विकून कर्स्टनकडे ॲरिझोनाला जाणार. तिने खोली तयारच ठेवलीय."

"अगं, काठावर बसून बघता येईल की."

"काठावर बसून हात हलवायला मी काय मेयरची बायको आहे?"

लोर्ना बोलली की करायची. मग सकाळी माझ्या शेजारी कोण बसणार? नवरे प्रेमळ असतात, पण सकाळी सहा वाजता धक्क्यावर गप्प बसायला नवरा उपयोगाचा नसतो.

आता मर्व्हिनच्या बोटीविषयी सांगायला हवं. १९८८ सालची. इंजिन बोटीच्या बरोबर मध्यावर, पेटीत बसवलेलं, आणि पेटीवर गादी. थंडीच्या दिवशी त्या गादीवर बसायला आमच्यात भांडणं व्हायची. मर्व्हिनने ती बोट तीन राज्यांत फिरून निवडली होती ती एकाच कारणासाठी: मागे लाट सोडत नाही. ताशी छत्तीस मैलांच्या वेगाने गेली तरी मागचं पाणी इस्त्री केलेल्या चादरीसारखं. बोटीत कुणी कडेला बसलं तर मर्व्हिन ओरडायचा, "मध्ये बसा, मध्ये!" मोठी लाट उठवणारी बोट म्हणजे त्याच्या लेखी तोंडावर हात न धरता शिंकणारा माणूस.

असा एक माणूस समोरच्या काठावर राहायला आला होता. रॉइस टिडवेल, टेक्ससचा, प्रचंड देहाचा, मनमोकळा. त्याची बोट नवीकोरी, लाटा उठवण्यासाठीच बांधलेली. त्या लाटांनी आमच्या धक्क्याचा एक पाय वाकवला होता. तीन वर्षांपूर्वी, आल्या आल्या, तो टोपी काढून आमच्या धक्क्यावर आला होता. "सर, मॅम, एकदा आमच्या बोटीवर या ना."

"नको नको, कशाला उगाच त्रास," मर्व्हिन म्हणाला.

"बरं तर," म्हणून रॉइस गेला.

मर्व्हिन त्याच्या पाठीकडे बघतच राहिला. आमच्याकडे पहिला नकार म्हणजे नुसतं घसा खाकरणं. दुसरा नकार म्हणजे शिष्टाचार. तिसऱ्यांदा विचारलं की मग हो म्हणायचं. कॉफी असो, पाहुणचार असो, बर्फात अडकलेली गाडी असो. रॉइसने एकदाच विचारलं आणि चालता झाला. "उद्धट," मर्व्हिन म्हणाला, आणि तीन वर्षं त्याने त्या काठाकडे मान वळवली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी कॉफी घेत होतो. रॉइसची बोट समोरून गेली. मागे त्याची बायको डार्ला एका आखूड फळीवर उभी होती. बोटीपासून जेमतेम दहा फुटांवर, लाटेच्या उतारावर. हातात दोरी नव्हती. हातात कप होता.

लोर्नाने आपला कप खाली ठेवला. "ती ढकलतेय कशाने?"

"लाटच ढकलतेय."

"आणि वेग बघ. आपल्या पाद्रीबुवांची सायकल याहून जोरात जाते." ती तरातरा उठली, काठी विसरून. "मर्व्ह! मर्व्ह, बाहेर ये! मला ते हवंय!"

मर्व्हिन दाढीचा साबण चेहऱ्यावर घेऊनच बाहेर आला. "काय हवंय?"

"ती लाट. तुझ्या बोटीमागे."

"माझी बोट लाट करत नाही."

"शिकव तिला."

"लोर्ना, छत्तीस मैलांच्या बोटीला तू दहा मैलांवर रांगायला लावणार?"

"मी छत्तीस मैलांची राहिलेय का?"

मर्व्हिनने साबण पुसला. "त्या माणसाच्या बोटीमागे का नाही उभी राहत? त्याची लाट तयारच आहे."

"बावन्न वर्षं आपल्या घरच्या बोटीमागे उभी राहिले आणि त्रेपन्नाव्या वर्षी टेक्ससच्या?" लोर्ना म्हणाली. तिने डॉक्टरांनाही फोन केला. फळीवर उभं राहिलं तर चालेल का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, उभं राहायला काहीच हरकत नाही. फळी कुठे असणार हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मर्व्हिन कामाला लागला. आधी तोंड वाकडं करून, मग नेहमीप्रमाणे जेवण विसरून. सर्वांत आधी बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा बदलला. जुना वेगासाठी होता, नवा ओझं ओढणारा. मग धुराची नळी वाकवून पाण्याखाली नेली, कारण फळीवरचा माणूस बोटीच्या इतका जवळ असतो की सगळा धूर त्याच्याच नाकात जातो. मग पाण्याने भरायच्या जाड रबरी पिशव्या आणल्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवल्या, कारण त्याचे हात दुसरं काही करूच शकत नव्हते. बोट खाली बसली, लाट मात्र घोट्याएवढी.

"एकाच बाजूला ठेव," मी म्हटलं. "डार्लाला बघितलंस ना? त्यांची बोट लंगडत चालते."

मर्व्हिनने सगळ्या पिशव्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ढकलल्या, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर स्वतःच्या आईला धक्का दिल्यासारखे भाव होते. बोट आजारी बदकासारखी कलंडली. लाट गुडघ्याएवढी झाली, पण नुसता फेस. मग त्याने प्लायवूडची एक पाचर कापून बोटीच्या पाठीला शिकंज्यांनी आवळली. आधी डावीकडे लावली, कारण लाट डावीकडे हवी होती. लाट होती तीही गेली. दोन दिवस डोकं खाजवून तिसऱ्या दिवशी उजवीकडे लावली. पाणी उजवीकडून वळून डावीकडे आलं आणि पहिल्यांदाच मागे काचेसारखी, गुळगुळीत, वर वळणारी लाट उठली.

मर्व्हिन सुकाणू सोडून तिच्याकडे बघत राहिला. "हं," म्हणाला. आमच्याकडे याला टाळ्या वाजवणं म्हणतात.

पण लोर्नाला उचलायला ती पुरेशी नव्हती. आणखी हजारभर पौंड वजन हवं होतं आणि आणखी पिशव्या मागवल्या असत्या तर त्या यायला चार जुलै उलटून गेला असता. तेव्हा मी चर्चच्या गोधडी मंडळाला बोलावलं. आम्ही आठवड्यातून एकदा गोधड्या शिवतो आणि रूबार्बच्या आंबटगोड वड्या खातो, त्यामुळे वजनाची ददात नव्हती. अडचण एकच होती. मर्व्हिन कानाला पेन्सिल लावून, कागद घेऊन धक्क्यावर उभा राहिला. "डेलोरिस, तुझं वजन किती धरू?"

डेलोरिसने तळ्याकडे बघितलं. "आज वारा बरा आहे."

"अंदाजे सांग."

"तू काय डॉक्टर आहेस?"

पुढच्या चौघींनाही तळ्यावरच्या वाऱ्यातच रस होता. मर्व्हिनने कागद खिशात घातला आणि बायकांना डोळ्यांच्या अंदाजाने बसवलं. यावरून डेलोरिस आणि तो आठवडाभर बोलत नव्हते. तीन जणी मागच्या डाव्या कोपऱ्यात, दोघी पुढच्या टोकाला, नाळेत, कारण पुढे वजन टाकलं की लाट लांब होते. सगळ्यांना लाइफ जॅकेटं. मी दोरी सांभाळायला मर्व्हिनच्या मागे.

त्या दिवशी सत्तावीस जून होता. लोर्ना पाण्यात पाठीवर पडून राहिली, टाचा नव्या आखूड फळीवर टेकवून. मर्व्हिनने हळूच गती वाढवली आणि बोटीनेच तिला उचलून उभं केलं, कुणी आजीला खुर्चीतून उठवावं तसं. ती उभी राहिली! मागच्या तिघी एकदम किंचाळल्या. लोर्ना हसली, डोलली, एक, दोन, तीन, आणि धप्पकन पडली.

मर्व्हिन गोलाकार वळला.

इथे त्याचा दोष म्हणाल तर एवढाच, की तो पन्नास वर्षं उत्तम चालक होता. स्कीवरून कुणी पडलं की गती एकदम तोडायची, जागच्या जागी वळायचं आणि त्या माणसाजवळ पोचायचं. मर्व्हिन नऊ सेकंदांत पोचायचा. तळ्यावर तेवढा झटपट कुणीच नव्हता. पण तेव्हा त्याच्या मागे चादर असायची. आता मागे त्यानेच तीन आठवडे राबून बनवलेली कमरेएवढी लाट होती. तो वळला आणि ती लाट समोरून आली. नाळ दोन बायकांच्या वजनाने आधीच पाण्याला टेकलेली. लाट अगदी शांतपणे, विचारपूस करत आल्यासारखी, नाळेवरून आत आली. मागोमाग दुसरी आली.

क्षणात आम्ही गुडघाभर पाण्यात बसलो होतो. इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद पडलं. वड्यांचा डबा तरंगत माझ्यासमोरून गेला. तळातलं पाणी उपसणारा पंप घुरघुरत होता, पण चमच्याने तळं उपसावं तसा.

तेवढ्यात रॉइसची बोट जवळ आली. तो उभा राहून ओरडला, "सर! मदत हवी का?"

"नको नको," मर्व्हिन म्हणाला. पाणी त्याच्या मांडीला लागलं होतं. "आम्ही ठीक आहोत."

मागच्या बाजूने डेलोरिस पुटपुटली, "एक."

"नक्की ना, सर?"

"तुम्ही कशाला त्रास घेता. वाळेल हळूहळू."

"दोन," डेलोरिस म्हणाली आणि पर्स डोक्यावर धरून उठायच्या तयारीला लागली.

रॉइसने आमच्याकडे बघितलं, मान हलवली, टोपीला हात लावला आणि बोट वळवली. निघाला की तो! आम्ही सहा बायका आणि एक पुरुष बुडत्या बोटीत तिसऱ्या विचारण्याची वाट बघत ताठ बसलो होतो, आणि तो निघाला होता. खोटं कशाला बोलू, एवढं सगळं होऊनही मला हाक मारायची लाज वाटत होती.

तेव्हा मागून, पाण्यातून, लोर्नाचा आवाज आला.

"हो! हवीय! मला मदत हवीय! मी अडुसष्ट वर्षांची आहे, माझा गुडघा धातूचा आहे आणि माझा भाऊ बावळट आहे! परत या!"

आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्यापैकी कुणाला पहिल्या विचारण्यावर हो म्हणताना ऐकलं. खरं तर पहिल्याही नाही, कारण तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

रॉइसने आधी तिला वर घेतलं, मग गोधडी मंडळाला, मग मोठा पंप लावून आमच्या बोटीला ओढत धक्क्यावर आणलं. मर्व्हिन ओल्या कपड्यांनी पायऱ्यांवर बसला. मी सगळ्यांसाठी खिमा-बटाट्याचं हॉटडिश गरम केलं. "थोडं घ्या ना," मी रॉइसला म्हटलं.

"घेतो, मॅम," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं. मर्व्हिन दचकला. रॉइसने दुसऱ्यांदाही स्वतःहून वाढून घेतलं. मग तोंड पुसत हळूच म्हणाला, "सर, रागावू नका, पण तीन वर्षं मी समजत होतो की तुम्हाला मी आवडत नाही."

"तू परत विचारलंच नाहीस," मर्व्हिन म्हणाला.

"तुम्ही नको म्हणालात ना."

दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू समोरचा पाण्याखालून बोलतोय. लोर्ना मात्र टॉवेलात गुंडाळून इतकी हसली, की तिला ठसका लागला.

मग ती हसायची थांबली. "चार जुलैला एक आठवडा आहे, मर्व्ह. होईल का? नाहीतर मी कर्स्टनला कळवते."

मर्व्हिनने बोटीकडे बघितलं. नंतर रॉइसकडे बघितलं. "मदत," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याच्या तोंडातून दात उपटावा तसे निघाले, "करशील का?"

"करतो की!" रॉइस म्हणाला. एका दमात.

पुढचे पाच दिवस दोघं इंजिनात डोकी घालून होते. तेल तीनदा बदललं. जुना पंप काढून दोन नवे बसवले. नाळेतलं वजन मागे आणलं. पण रॉइसचा खरा धडा वेगळाच होता.

"सर, ती पडली की तुम्ही काहीच करायचं नाही."

"काहीच नाही?"

"गती हळूच कमी करा. दहापर्यंत मोजा. तुमची लाट तुम्हाला ओलांडून पुढे जाऊ दे. मग सावकाश वळा."

"माझी बहीण पाण्यात पडलीय आणि मी आकडे मोजत बसू?"

"ती तरंगते, सर. बोटीचं तसं नाही."

चार जुलैला आकाश स्वच्छ होतं. दहा वाजता सगळ्या धक्क्यांवर माणसं होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळंच माहीत होतं. गोधडी मंडळ कोपऱ्यात बसलं. अजून वजन कमी पडत होतं, तेव्हा रॉइस बोटीत उतरला. "दोनशे पासष्ट पौंड, मॅम," तो डेलोरिसला म्हणाला. "न्याहारीनंतर." डेलोरिसने कानांवर हात ठेवले.

लोर्ना पाण्यात उतरली. झेंडा जॅकेटात खोचलेला. मर्व्हिनने ओढलं, ती उठली, आणि दोन झोक्यांत पडली.

मर्व्हिनचा हात सुकाणूवर झटक्यात फिरायला निघाला. मी पाहिला. हात अर्ध्यात थांबला. "एक," तो मोठ्याने म्हणाला. "दोन." मग आम्ही सगळेच मोजू लागलो, अख्खी बोट, प्रार्थना म्हणावी तशी. सहावर लाट आमच्या बाजूने निघून गेली, बोटीला नुसतं हलवून. दहा झाल्यावर मर्व्हिन वळला, इतका सावकाश की काठावरच्यांना वाटलं इंजिन बंद पडलं.

"फार घाई केलीस," लोर्ना पाण्यातून म्हणाली. "मी जरा तळं बघत होते."

दुसऱ्यांदा ती उठली आणि उभीच राहिली. गुडघे किंचित वाकवले, पुढचा पाय सरकवला, आणि लाटेने तिला धरलं. मग तिने दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आर्डिस, हे धर," म्हणाली आणि दोरीची मूठ माझ्याकडे फेकली. मी ती पकडली. ओली, गरम, तिच्या हाताची. तिने झेंडा काढला.

तोवर माझ्या एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. बावन्न वर्षं ती आमच्यापासून पाऊणशे फूट मागे असायची, दोरीच्या टोकाला, एक लहानसा ठिपका. मर्व्हिनने तिला आरशातून पाहिलं होतं, पण एक शब्द कधी ऐकला नव्हता. आता ती कॉफी पिताना जेवढी लांब असते तेवढीच लांब होती.

"मर्व्ह!" ती म्हणाली.

"काय?"

"तुझं टक्कल मागून काय चमकतं रे! बाबांसारखं."

मर्व्हिनने मागे बघितलं नाही. चालकाने बघायचं नसतं. पण त्याचे कान लाल झाले आणि त्याने तळ्याची पूर्ण फेरी दहा मैलांच्या वेगाने मारली, काठाकाठाने नाही तर मधोमध, कुणाचा धक्का हलू नये म्हणून. फेरीला नेहमीच्या तिप्पट वेळ लागला. लोर्ना तेवढा सगळा वेळ बोलत होती. कर्स्टनला पाठवायच्या पत्राचा मजकूरही तिने तिथेच, झेंडा हलवत मला सांगितला: खोली भाड्याने देऊन टाक.

लोर्नाने आणखी सात चार जुलै केले. २०२० साली साठावा झाला तेव्हा म्हणाली, साठ हा आकडा बरा दिसतो, आता पुरे. पुढची दोन वर्षं ती काठावर बसली आणि हात हलवला, मेयरच्या बायकोसारखा. २०२२ च्या ऑक्टोबरात, धक्का बाहेर काढल्यानंतरच्या आठवड्यात, ती तिच्या घरात, तिच्या पलंगावर गेली. कर्स्टनने घर विकलं नाही. ॲरिझोनाचा उन्हाळा सोडून ती आता जूनपासून इथेच असते. कॉफीत साखर ढवळायला तीही विसरते.

डेलोरिस वृद्धाश्रमात आहे. तिथल्या नर्सलासुद्धा तिने अजून स्वतःला वजनकाट्यावर चढवू दिलेलं नाही. रॉइस आमच्यासारखा झालाय. परवा पेट्रोल पंपावरच्या मुलीने पावती हवी का विचारलं, तर दोनदा नको म्हणून तिसऱ्याची वाट बघत उभा होता. मर्व्हिन ब्याऐंशीचा झाला, डोळे अधू झाले, सुकाणू त्याने रॉइसकडे दिलं. आता तो मागच्या डाव्या कोपऱ्यात बसतो, वजन म्हणून, आणि लाट नीट उठतेय का ते सांगतो. रॉइसने काही विचारलं तर पहिल्याच वेळी हो म्हणतो. दुसऱ्या कुणाला नाही.

धक्का बसवताना फळ्यांची दुसरी बाजू आता कर्स्टन धरते. मी काठावर खुर्ची टाकून बसते आणि सूचना देते. तिरकंच जातं, दरवर्षी.